तांबं, ॲल्युमिनियम आणि मधले दोन मायक्रॉन

प्रस्तावना

खांबावरून येणारी वीजतार ॲल्युमिनियमची असते. ती ज्या रोहित्राला जोडायची, त्याच्या बुशिंगमधून बाहेर आलेला दांडा बहुतेक वेळा तांब्याचा किंवा पितळेचा असतो. जमिनीखालून जाणाऱ्या केबलचा गाभा ॲल्युमिनियमचा, तर स्विचगिअरमधली बसबार अनेकदा तांब्याची. फ्रिजमध्ये ॲल्युमिनियमच्या थंड पत्र्याला तांब्याची नळी येऊन मिळते. मोबाइलच्या चिपवर २०-२५ मायक्रॉन जाडीची तांब्याची तार ॲल्युमिनियमच्या इवल्याशा पट्टीवर टेकवलेली असते. विजेच्या साखळीत हे दोन धातू पावलोपावली एकमेकांना भेटतात, आणि साखळी तुटते ती बहुधा या भेटीच्या जागीच. त्या जागेचं शास्त्र हा या पुस्तकाचा विषय आहे. त्यातही भर आहे तो धातू न वितळवता, नुसत्या घर्षणाने आणि दाबाने केलेल्या जोडावर.

हा विषय धातुशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुरता आहे असं मी मानत नाही. लेथवर हात बसलेला टर्नर, केबल जॉइंटर, महावितरणचा तंत्रज्ञ, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी या सगळ्यांना इथे मानाची जागा आहे. केबलच्या टोकावरचा, तापून काळा पडलेला लग कसा दिसतो आणि सैल झालेल्या बोल्टाजवळ इन्सुलेशनचा वास कसा बदलतो, हे त्यांना ठाऊक असतं. त्यामागचं कारण समजून घ्यायला थोडं रसायन, थोडं यंत्रशास्त्र आणि बरीचशी चिकाटी लागते. गणित फार लागत नाही. वर्गमूळ समजत असेल, तर या क्षेत्राचा कणा समजण्याइतकी तयारी झाली असं खुशाल धरावं.

आधी एक साधा प्रश्न निकालात काढू. एवढा त्रास आहे, तर सगळीकडे एकच धातू का वापरत नाहीत? तांबं हा विजेचा उत्तम वाहक आहे. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के भरते. पण तांब्याची घनता ८.९६ आणि ॲल्युमिनियमची २.७०. तेवढाच रोध हवा असेल तर ॲल्युमिनियमची तार छेदाच्या क्षेत्रफळाने साधारण १.६ पट मोठी घ्यावी लागते, आणि तरीही तिचं वजन तांब्याच्या तारेच्या जवळपास निम्मंच होतं. खांबांवरून मैलोन्‌मैल जाणाऱ्या तारेला वजन हाच मुख्य प्रश्न असतो, म्हणून तिथे ॲल्युमिनियम. मोटर, रोहित्र, स्विच यांच्यात जागा कमी असते आणि तिथे जाडी परवडत नाही, म्हणून तांबं. आपल्या देशापुरतं बोलायचं तर बॉक्साइट आपल्याकडे भरपूर आहे, कोल्हापूर जिल्ह्यातही त्याच्या खाणी आहेत. तांब्याच्या खनिजाची मात्र ददात आहे. तेव्हा हा मामला मुख्यतः वजनाचा, जागेचा आणि किमतीचा.

लिथियम-आयन बॅटरीत मात्र पर्यायच उरत नाही. तिच्या घटात धन बाजूची पत्री ॲल्युमिनियमची असते आणि ऋण बाजूची तांब्याची. ऋण बाजूच्या विद्युतविभवावर लिथियम ॲल्युमिनियममध्ये शिरून त्याच्याशी मिश्रधातू बनवतो, त्यामुळे तिथे ॲल्युमिनियम टिकत नाही. धन बाजूच्या विभवावर तांबं विरघळायला लागतं, त्यामुळे तिथे तांबं टिकत नाही. एका घटाचं धन टोक पुढच्या घटाच्या ऋण टोकाला जोडायचं म्हटलं, की वाटेत कुठेतरी ॲल्युमिनियम आणि तांब्याची गाठ पडणारच. चौकोनी घटांच्या ऋण टोकासाठी म्हणूनच घर्षणाने जोडलेले द्विधातूचे खुंट वापरले जातात. विजेच्या गाड्या वाढतील तसे हे जोडही वाढतील. या अभ्यासाला आज जी निकड आली आहे, ती मुख्यतः इथून.

मग बोल्टाने आवळून टाकलं तर? बहुतेक ठिकाणी आजही तेच केलं जातं, आणि नीट केलं तर ते चालतंही. पण ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर हवेच्या स्पर्शाने क्षणार्धात ऑक्साइडचा पापुद्रा चढतो. तो काही नॅनोमीटरच जाड असतो, पण वीज अडवतो. दुसरं, तापल्यावर ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त फुगतं. दर अंशाला दर दहा लाखांत ॲल्युमिनियमचं प्रसरण २३ आणि तांब्याचं १७. दिवसा भार वाढला की बोल्टाखालचा दाब वाढतो, ॲल्युमिनियम हळूहळू सरकून बाहेर येतं. रात्री थंड झालं की दाब पूर्वीपेक्षा कमी भरतो. असं होता होता जोड सैल पडतो. तिसरं कारण ओलाव्याचं. ओल आली की या दोन धातूंची एक लहानसा विद्युतघट तयार होतो आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. कोकणच्या खाऱ्या हवेत काम केलेल्या तंत्रज्ञाला ही पांढरी भुकटी दाखवावी लागत नाही.

अमेरिकेत १९६५ ते १९७३ या काळात बऱ्याच घरांत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची वायरिंग झाली. पुढे तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने जाहीर केलेला निष्कर्ष असा होता, की १९७२ पूर्वीच्या ॲल्युमिनियम तारेची घरं तांब्याच्या घरांच्या तुलनेत ५५ पट अधिक वेळा अशा अवस्थेला पोचू शकतात, जिथे एखादा तरी जोड आगीला कारण ठरावा. यात तारेचा दोष थोडा आणि जोडाचा मोठा, हे ध्यानात घ्यायला हवं. मधल्या पट्ट्यात तार शाबूत होती. ती जिथे पितळी किंवा पोलादी स्क्रूखाली दाबली होती, तिथे बिघडत होती.

बोल्ट नको, तर वितळवून जोडू, हा पुढचा स्वाभाविक विचार. इथे या दोन धातूंचा खरा स्वभाव समोर येतो. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं, तांबं १०८५ ला. एक पाण्यासारखं वाहू लागलं तरी दुसरं घट्टच असतं. हा फरक एक वेळ सांभाळता येईल. मोठी अडचण पुढे आहे. हे दोघे एकत्र आले की ५४८ अंशालाच त्यांच्यात द्रव तयार होऊ शकतो. या संगमबिंदूला युटेक्टिक म्हणतात, आणि तिथल्या द्रवात वजनाने साधारण एक तृतीयांश तांबं असतं. म्हणजे दोघांपैकी कोणाच्याही वितळण्याची वाट न पाहता जोडाच्या रेषेवर द्रव दिसू लागतो. तो थंड होताना त्यातून आंतरधातू संयुगं बाहेर पडतात. ॲल्युमिनियमच्या दोन अणूंमागे तांब्याचा एक अणू असलेलं थीटा, दोघांचे समसमान अणू असलेलं ईटा, ॲल्युमिनियमच्या चारांना तांब्याचे नऊ असं गॅमा, शिवाय मधली आणखी दोन. तांबं वाकतं, ॲल्युमिनियम वाकतं, पण त्यांच्यापासून झालेली ही संयुगं वाकत नाहीत. ती तांब्याच्या कित्येक पट कठीण आणि काचेइतकी ठिसूळ. वितळवून केलेल्या जोडात त्यांचा जाड थर बसतो आणि थोडा धक्का लागला, की जोड त्याच थरातून दुभंगतो.

म्हणून न वितळवता जोडायचं. ही कल्पना जुनी आहे. १७२४ साली जॉन थिओफिलस डेसाग्युलिए याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे शिशाच्या दोन गोळ्या आणल्या, त्यांचा थोडा भाग कापून ताजा पृष्ठभाग उघडा केला, आणि हाताने दाबून, जरा पिळून त्या एकमेकींना चिकटवल्या. ना आग, ना डाख. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण दाब, सरकण आणि ताजा पृष्ठभाग ही तिन्ही अंगं त्यात आली आहेत. पुढे विसाव्या शतकात केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर यांनी घर्षणाचाच उलगडा केला. त्यांचा ग्रंथ १९५० साली आला. डोळ्याला सपाट दिसणारे दोन पृष्ठभाग प्रत्यक्षात थोड्याशा उंचवट्यांवरच टेकलेले असतात. त्या टोकांवर दाब इतका असतो की धातू धातूला तिथे क्षणभर जोडला जातो आणि सरकताना तुटतो. म्हणजे कोरड्या धातूंमधलं घर्षण हे बऱ्याच अंशी लहान लहान जोड बनण्या-तुटण्याचंच काम आहे. घर्षण वेल्डिंग करणारा माणूस हे जोड तुटू न देता वाढवत नेतो.

तंत्र म्हणून घर्षण वेल्डिंगची वाटचाल अडखळत झाली. जे. एच. बेव्हिंग्टनने १८९१ साली अमेरिकेत घर्षणाच्या उष्णतेने नळ्या जोडण्याचं पेटंट घेतलं. त्यानंतर अधूनमधून पेटंटं निघत राहिली, पण कारखान्यात पाय रोवले गेले नाहीत. ते काम १९५६ साली सोव्हिएत संघातल्या ए. आय. चुदिकोव्ह या लेथ कामगाराने केलं. फिरता दांडा स्थिर दांड्यावर दाबून, योग्य क्षणी फिरणं थांबवून त्याने पोलादाचे भरवशाचे जोड करून दाखवले. मग संशोधनसंस्था कामाला लागल्या. व्ही. आय. विल यांचा या विषयावरचा ग्रंथ १९६२ मध्ये इंग्रजीत आला आणि अमेरिका, ब्रिटन, जपान इथे एकदमच रस वाढला. एका टर्नरच्या निरीक्षणातून एवढं मोठं क्षेत्र उघडलं, ही गोष्ट आपल्या आयटीआयच्या वर्गात आवर्जून सांगावी असं मला मनापासून वाटतं.

आता प्रत्यक्ष काय घडतं ते सावकाश पाहू. तांब्याचा दांडा स्थिर पकडलेला आहे, ॲल्युमिनियमचा चकमध्ये फिरतो आहे, असं समजा. व्यास २० मि.मी., गती मिनिटाला १५०० फेरे. मग कडेचा वेग सेकंदाला साधारण दीड मीटर येतो, आणि बरोबर केंद्रात शून्य. एकाच चेहऱ्यावर वेगाचा एवढा फरक, हे फिरत्या घर्षणजोडाचं जन्मजात वैशिष्ट्य आहे. उष्णता आधी बाहेरच्या भागात तयार होते आणि मग आत सरकते. त्यामुळे संयुगाचा थर सगळीकडे सारखा बसत नाही. चाचणीत जोड फुटला तर फुटलेल्या तोंडावर वेगवेगळ्या रंगपोताची वर्तुळं दिसतात, त्यांचा उगम इथे आहे.

दाब पडतो, दोन्ही चेहरे घासतात, ॲल्युमिनियम तापून नरम होतं. ते जसजसं नरम पडतं तसतसा घासण्याचा विरोध कमी होतो आणि उष्णतेची निर्मितीही घटते. या अंगच्या नियंत्रणामुळे तापमान एका मर्यादेपलीकडे सहसा धावत नाही. नरम झालेला धातू दाबाखाली कडेने बाहेर निघतो. त्याची वळलेली किनार तयार होते, तिला कारखान्यात फ्लॅश म्हणतात. ऑक्साइडचे तुकडे, तेलाचा अंश, धूळ हे सगळं त्या फ्लॅशबरोबर जोडाच्या बाहेर फेकलं जातं. मग फिरणं एकदम थांबवायचं आणि दाब वाढवून काही क्षण तसाच धरायचा. हा फोर्जचा टप्पा. सगळं काम काही सेकंदांत आटोपतं. फ्लॅश लेथवर छाटून टाकली की जोडाची रेषा दिसते, एका बाजूला तांबूस, दुसऱ्या बाजूला रुपेरी.

जोडकामात साफसफाईचं महत्त्व किती, हे आपल्याला कल्हईवाल्याने पूर्वीच दाखवलेलं आहे. तो भांडं तापवतो, नवसागर टाकून आतली बाजू लख्ख करतो, आणि तेवढ्या निमिषात कापसाच्या बोळ्याने कथील फिरवतो. जिथे नवसागर पोचला नाही, तिथे कथील धरत नाही. घर्षण वेल्डिंगमध्ये नवसागराचं काम सरकता धातू स्वतःच करतो. पण ॲल्युमिनियम-तांब्याच्या जोडीत हे काम एकाच बाजूने होतं, आणि नवशिक्या इथे हमखास फसतो. फ्लॅश जवळजवळ सगळी ॲल्युमिनियमची निघते. साडेचारशे-पाचशे अंशांना ॲल्युमिनियम अगदी नरम झालेलं असतं, पण तांब्यात अजून बराच जोर असतो. ते फारसं हलत नाही, म्हणून त्याचा चेहरा नवा होत नाही. त्यावर आधीपासून असलेला ऑक्साइड किंवा बोटाचा तेलकट ठसा जोडात अडकून बसतो. त्यासाठी तांब्याचा चेहरा वेल्डिंगच्या अगदी आधी लेथवर ताजा छिलून, पुसून घ्यावा लागतो. यंत्र कितीही महाग असो, ही पायरी गाळली तर जोड वाया जातो.

तापमानाचं धोरणही याच जोडीसाठी वेगळं ठरवावं लागतं. लोखंडाच्या जोडात जितकं तापवाल तितकं बरं, असा काहीसा कल असतो. इथे ५४८ ही लक्ष्मणरेषा आहे. ती ओलांडली की द्रव आणि द्रवामागोमाग जाड थर. चीनमधल्या अभ्यासकांनी कमी वेग आणि जास्त दाब वापरून जोडाचं तापमान ४६० ते ४८० अंशांच्या आसपास राखण्याची पद्धत बसवली. तिला ते कमी तापमानाचं घर्षण वेल्डिंग म्हणतात. विचार सरळ आहे. धातू वाहता करायला पुरेल एवढंच तापवायचं आणि संयुगाला वाढायला वेळच द्यायचा नाही.

वेळ हीच या क्षेत्राची किल्ली आहे, असं माझं मत आहे. तापमान, दाब, गती ही यंत्रावर फिरवायची बटणं झाली. जोडाचं भवितव्य ठरवतो तो काळ. दोन धातू जोडले गेले याची खूण काय? तर सीमेवरचे अणू एकमेकांच्या हद्दीत शिरले. याला विसरण म्हणतात. विसरण झालंच नाही तर जोड नुसता चिकटलेला राहतो आणि वाकवताच सुटतो. पण तेच विसरण चालू राहिलं तर संयुगाचा थर वाढतो आणि जोड ठिसूळ होतो. ज्या क्रियेने जोड तयार होतो, तीच क्रिया लांबली तर त्याला मारते. साधारण २ मायक्रॉनपर्यंतचा थर चालतो, त्यापुढे ताकद घसरू लागते, असा अनेकांचा अनुभव आहे. हा आकडा दगडावरची रेघ समजू नये. थर सलग आहे की तुटक, त्यात कोणतं संयुग किती आहे, यावरही बरंच अवलंबून असतं. तरी प्रमाण मनात बसवायला तो उपयोगी आहे.

आणि ही क्रिया यंत्रातून जोड बाहेर काढल्यावर थांबत नाही. थर वाढतो तो वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. एखाद्या तापमानाला तासाभरात १ मायक्रॉन वाढत असेल, तर २ मायक्रॉनला चार तास लागतील आणि १० मायक्रॉनला शंभर तास. म्हणजे सुरुवातीला झपाट्याने, पुढे मंद, पण अखंड. तापमान उतरलं की वेग फार मोठ्या पटीने उतरतो, म्हणून खोलीच्या तापमानाला काळजीचं कारण नाही. पण एक्सएलपीई केबलचा गाभा सतत ९० अंशांपर्यंत तापू दिला जातो, आणि शॉर्टसर्किट झालं तर काही क्षणांपुरता २५० पर्यंत. जोडाला अशा तापमानात वर्षानुवर्षं काढायची आहेत. वेल्डिंगला लागलेले काही सेकंद आणि नंतरची ही वर्षं एकाच आलेखावर मांडायला शिकणं, हे या पुस्तकाच्या वाचकाने साधायचं मुख्य कौशल्य.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो चांगल्या पुस्तकांतही सापडतो. संयुगांचा विद्युतरोध जास्त असतो म्हणून जोड तापतो, असं म्हटलं जातं. रोध जास्त असतो हे खरं. तांब्याची रोधकता १.७ मायक्रोओहम-सेंटिमीटर, ॲल्युमिनियमची सुमारे २.७, आणि या संयुगांची साधारण ८ ते १४. पण हिशोब करून पाहा. रोधकता १० धरली तर २ मायक्रॉनचा सलग थर म्हणजे रोधाच्या दृष्टीने १२ मायक्रॉन जास्तीचं तांबं. काही सेंटिमीटर लांबीच्या लगमध्ये हे नगण्य आहे. थर १० मायक्रॉनचा झाला तरी चित्र फारसं बदलत नाही. बिघाड येतो तो ठिसूळपणातून. तापणं-निवणं चालू असताना दोन धातू कमीजास्त फुगतात, मधला थर ते सोसू शकत नाही, त्यात भेगा जातात. भेगेत हवा आणि ओल शिरते, ॲल्युमिनियमचा ऑक्साइड बनतो, प्रत्यक्ष जोडलेलं क्षेत्र घटतं. उरलेल्या लहान क्षेत्रातून तेवढीच वीज जाते, तिथे उष्णता वाढते, उष्णतेने थर आणखी वाढतो. हे चक्र एकदा सुरू झालं की रोध प्रथम वर्षानुवर्षं जवळजवळ स्थिर दिसतो आणि मग थोड्या काळात एकदम चढतो. म्हणूनच नव्या जोडाचा रोध मोजून त्याच्या आयुष्याबद्दल काही बोलणं धाडसाचं आहे. आयईसीच्या ६१२३८ या मानकात केबलच्या जोडांना तापवण्या-निववण्याची १००० आवर्तनं दिली जातात, त्यामागे हाच विचार आहे.

घर्षणाचा दुसरा मोठा अवतार म्हणजे फ्रिक्शन स्टर वेल्डिंग. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या टीडब्ल्यूआय या संस्थेत वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये त्याचा शोध लावला. इथे जोडायचे तुकडे फिरत नाहीत. कठीण पोलादाचं किंवा टंगस्टनचं हत्यार फिरत फिरत दोन पत्र्यांच्या सांध्यातून पुढे सरकतं आणि दोन्हीकडचा नरम धातू ढवळून एकत्र करतं. दांडे आणि नळ्यांपुरतं मर्यादित असलेलं घर्षण वेल्डिंग त्यामुळे पत्र्यांपर्यंत पोचलं. जहाजांचे डेक, रेल्वेचे डबे, रॉकेटच्या इंधनटाक्या अशी त्याची झेप आहे. ॲल्युमिनियम आणि तांब्यासाठी बहुतेक प्रयोगांतून दोन गोष्टी पुढे आल्या. हत्याराची फिरण्याची आणि सरकण्याची दिशा ज्या बाजूला एकच असते, त्या बाजूला तांबं ठेवावं. आणि हत्याराची पिन सांध्याच्या मधोमध न ठेवता ॲल्युमिनियमकडे सरकवावी, म्हणजे तांब्याचा थोडासाच भाग खरवडला जातो. उलट केलं तर आत पोकळ्या राहतात आणि तांब्याचे मोठे तुकडे ॲल्युमिनियममध्ये विखुरतात. अल्ट्रासॉनिक वेल्डिंग आणि स्फोटाच्या जोराने होणारं वेल्डिंग हेही या कुळातलेच. त्यांच्याविषयी इथे अधिक लिहीत नाही.

भारतात या विद्येची पाळंमुळं चांगली आहेत. तिरुचिरापल्लीची वेल्डिंग संशोधन संस्था १९७५ पासून भेलच्या छत्राखाली काम करते आहे. बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि चिदंबरमचं अन्नमलै विद्यापीठ इथे फ्रिक्शन स्टर वेल्डिंगवर मोठं काम झालं आहे. पुण्याच्या आसपासच्या वाहनउद्योगात घर्षण वेल्डिंग नित्याचं आहे. इंजिनाच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं उष्णता सोसणाऱ्या पोलादाचं आणि दांडी झीज सोसणाऱ्या दुसऱ्या पोलादाची, ही जोडणी जगभर घर्षणानेच होते. म्हणजे यंत्रं आहेत आणि ती चालवणारे हातही आहेत. उणीव आहे ती या हातांना वाचता येईल अशा मराठी मजकुराची. दुकानातून बायमेटॅलिक लग विकत घेणारा वायरमन त्याच्या मधल्या रेषेत काय दडलं आहे हे मराठीत वाचू शकत नाही, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. हे पुस्तक त्याच्यासाठीही आहे.

वाचायला सुरुवात कुठून करावी? माझा आग्रह पृष्ठभागांपासून करण्याचा आहे. यंत्रांची वर्णनं आकर्षक असतात, पण ती थोडी मागे ठेवावीत. ऑक्साइड म्हणजे काय, ताजा चेहरा किती वेळ ताजा राहतो, खडबडीतपणा कसा मोजतात, हे आधी पक्कं करावं. मग ॲल्युमिनियम-तांब्याचा प्रावस्था आलेख (फेज डायग्राम) हातात घ्यावा आणि ५४८ अंशांची आडवी रेघ स्वतः पेन्सिलीने काढावी. त्यानंतर विसरणाचं गणित. यंत्रांकडे त्यानंतर यावं, म्हणजे प्रत्येक बटण कशासाठी आहे हे विचारावं लागणार नाही.

चाचण्यांबद्दल एक सावधगिरी. ताणचाचणीत नमुना ॲल्युमिनियममधून तुटला, जोड शाबूत राहिला, की सगळे समाधानाने माना डोलावतात. पण वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारचं ॲल्युमिनियम नरम झालेलं असतं. तेव्हा ते आधी तुटणारच. त्यावरून जोड उत्तम आहे असं सिद्ध होत नाही, तो त्या नरम ॲल्युमिनियमपेक्षा कमकुवत नाही एवढंच समजतं. वाकवण्याची चाचणी जास्त बोलकी असते. त्याहून बोलकी म्हणजे नमुना भट्टीत ठरावीक काळ ठेवून मग वाकवणं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जोडाचा छेद पाहिला तर जड तांबं उजळ दिसतं, हलकं ॲल्युमिनियम गडद, आणि मधे करड्या छटांच्या पट्ट्या. ॲल्युमिनियमला लागून थीटा, तांब्याला लागून गॅमा, दोघांच्या मधे ईटा. पहिल्यांदा पाहणाऱ्याने घाई करू नये. एकाच जागेच्या चित्रावरून थराची जाडी सांगू नये. केंद्र, अर्धी त्रिज्या आणि कड अशा तिन्ही जागा मोजाव्यात.

या क्षेत्रात करण्यासारखं खूप शिल्लक आहे. या जोडीत सर्वांत आधी कोणतं संयुग जन्म घेतं, थीटा की गॅमा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. वेगवेगळ्या पद्धतीने केलेले जोड वेगवेगळी उत्तरं देतात. ब्राउनोविच आणि अलेक्झांड्रोव्ह यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की जोडातून वीज वाहत असेल तर नुसत्या भट्टीतल्यापेक्षा थर अधिक वेगाने वाढतो. मग नुसत्या भट्टीत केलेल्या आयुष्याच्या अंदाजांवर कितपत विसंबायचं? बॅटरीच्या जोडांतून प्रवाह सतत एका दिशेने राहत नाही, चार्जिंगला उलटतो, शिवाय गाडी हादरत असते. उष्णता, उलटसुलट प्रवाह आणि हादरे तिन्ही एकत्र असताना २ मायक्रॉनची ती मर्यादा तीच राहते का, की खाली येते, हे कसून तपासायला हवं.

यातल्या काही प्रश्नांना प्रचंड खर्चाची प्रयोगशाळा लागत नाही. नियंत्रित भट्टी, मायक्रोओहममीटर, पॉलिशिंगची चाकं, एक चांगला प्रकाशीय सूक्ष्मदर्शक आणि बाजारात मिळणारे घर्षणजोडाचे लग एवढ्यावर एखाद्या तंत्रनिकेतनाला वर्षभराचं गंभीर काम उभं करता येईल. दर महिन्याला तेच लग मोजायचे, तापवलेले आणि न तापवलेले शेजारी ठेवायचे, प्रवाह असलेले आणि नसलेले वेगळे नोंदवायचे. फक्त एक विनंती. कार्यशाळेतल्या साध्या लेथवर दाब देऊन घर्षणजोड करण्याचा मोह अनेकांना होतो. त्या लेथची बेअरिंग अक्षाच्या दिशेने येणारा एवढा जोर सोसायला बनवलेली नसतात, आणि फिरता दांडा ऐन वेळी झटक्यात थांबवायची सोयही त्यात नसते. जोड करायचे असतील तर त्यासाठी बनवलेल्या यंत्रावरच करावेत. ते जवळपास नसेल तर तयार लग कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून सुरुवात करावी.